रखमाजीचा तास

ही गोष्ट लहानपणी ऐकलेली. त्यातलं ऐकलेलं किती आणि पुढे मनानं जोडलेलं किती, हे आता नीट सांगता येत नाही. तांबटाचं नाव रखमाजी होतं, एवढं नक्की. गावची नदी खरंच तेवढी रुंद होती की लहान डोळ्यांना तशी वाटली, याबद्दल शंका आहे. तरी सांगायला हवी.

फार वर्षांपूर्वी, घरोघरी तांब्याची भांडी होती त्या काळात, खैरोंडी गावात रखमाजी तांबट राहत होता. एकटाच. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नव्हतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तो हंडे-घागरी ठोकत बसे. त्याच्या हातोडीच्या ठेक्यावर गावातल्या गाई रवंथ करत, असं म्हणतात. त्याच्या भिंतीला लागूनच शाळेची खोली होती. दोन ठोक्यांच्या मधे पलीकडून बिगारीतल्या लहान पोरांचा कालवा येई. तेवढीच त्याची सोबत. बाकी दिवसभर त्याच्याकडे घागर टाकणारा आणि घागर नेणारा, एवढीच माणसं.

पण बिगारीतली पोरं शिकत नव्हती. दरवर्षी तेच, आणि त्याही खेपेला वर्ष सरत आलं तरी अक्षर ओळखेनात. त्र्यंबक गुरुजी ओरडून शिकवत, पोरं ओरडून म्हणत, आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे घसे बसत. कुंभारांची चंद्री मुळातच हळू बोलणारी, ती तर तोंडच उघडेनाशी झाली. गावाला वाटलं, पोरंच मठ्ठ. ठोक्यांचं कुणाच्या मनातही आलं नाही. जन्मापासून ते कानांत होते, म्हणून कुणाला ऐकूच येत नव्हते. शेवटी पंचांनी ठरवलं, होळीपर्यंत वाट बघायची, नाहीतर बिगारी मोडून पोरांना गुरांमागे धाडायचं.

त्याच हिवाळ्यात रखमाजीला ताप भरला. हातोडी पडून राहिली. भिंतीशी अंथरुणावर पडून तो ऐकत होता. पहिल्या दिवशी गुरुजी सवयीनं ओरडले. मग त्यांचा आवाज हळूहळू खाली आला, मग पोरांचाही. ताप उतरला त्या सकाळी पलीकडून एक बारीक आवाज आला. कुणीतरी एकेका अक्षरावर थांबत धडा वाचत होतं. इतकी वर्षं भिंतीला कान लावून असलेल्या रखमाजीला तो आवाज ओळखू येईना. गुरुजींनी "शाबास, चंद्रे" म्हटलं, तेव्हा त्याला कळलं.

आनंदानं तो उठला, ऐरणीपाशी बसला आणि पहिला ठोका मारला. पलीकडचा आवाज तुटला. तो थांबला, तशी चंद्री पुन्हा वाचू लागली. त्यानं अगदी हलकेच हातोडी टेकवली. चंद्री गप्प.

हातोडी मांडीवर घेऊन तो बराच वेळ बसून राहिला. काम सोडावं तर पोट नाही, आणि इथून उठावं तर सोबत नाही.

शाळा सुटल्यावर त्यानं ऐरण डोक्यावर घेतली आणि नदीत उतरला. ती ऐरण बैलजोडीलाही हलली नसती, पण नदीनं पाणी त्याच्या गुडघ्यावर चढू दिलं नाही, असं म्हणतात. पारावरची माणसं हसली.

"काय रखमाजी, तिकडं भुतांना हंडे विकायचे का?"

पैलतीरी खडकाच्या आडोशाला त्यानं खोपट घातलं.

होळीपर्यंत बिगारी वाचू लागली, आणि पंच पुन्हा त्या गोष्टीवर बोलले नाहीत. कारण उमगलं ते एकट्या गुरुजींना. ते नदी ओलांडून त्याच्याकडे गेले, परत चल म्हणाले, शाळेला दुसरी खोली बघू म्हणाले. रखमाजी म्हणाला, गावात दुसरी खोली कुठाय, आणि पोरांची घडी एकदा बसलीय ती कशाला मोडता.

"पण तुला इथं काय ऐकू येतं?" गुरुजींनी विचारलं.

रखमाजीनं हातातली घागर फिरवून फिरवून पाहिली. "येतं की सगळं," तो म्हणाला.

गुरुजींनी परत येऊन हे गावाला सांगितलं. तेव्हापासून लोक सांगू लागले, की नदी रोज सकाळी पोरांचे पाढे पाण्यावरून त्याच्याकडे नेई. त्यानं घडवलेल्या नव्या घागरीला कान लावला, तर आत चंद्रीचा धडा ऐकू येई. तो गेला त्या दिवशी पैलतीरावरून ऐरणीचा एकच ठोका आला, आणि तोही शाळा सुटल्यावरच आला, असं म्हणतात.

आजही खैरोंडीत शाळेची घंटा झाली की गिरणीवाला पट्टा उतरवतो, सुतार रंधा बाजूला ठेवतो, आणि लग्नाची वरात असली तरी वाजंत्री शाळेवरून मुक्यानं जातात. बिगारी जाऊन पहिली आली, पण लहानग्यांच्या पहिल्या तासाला गाव रखमाजीचा तासच म्हणतं. त्या वेळात कुणी कुणाला मोठ्यानं हाकसुद्धा मारत नाही.

बऱ्याच वर्षांनी, शाळा भरलेली असताना, वारा गावाकडून येत असताना, पैलतीरावरच्या त्या खडकापाशी उभं राहून मी खात्री करून घेतली. तिथं शाळेतलं काहीही ऐकू येत नाही.