डाव्या पिळाचा दोर

ही गोष्ट त्या काळची, जेव्हा कातळवेढ्याच्या वेशीवरच्या वडाला अजून पारंब्या फुटायच्या होत्या. तेव्हा गावाच्या कडेला दोर वळणाऱ्यांची आळी होती आणि त्या आळीत हौसा नावाची एक बाई राहत होती. लोक तिला डावरी हौसा म्हणत. मायेनं म्हणत नसत, हे आधीच सांगितलेलं बरं.

हौसा डाव्या हाताची जन्मली. पाळण्यात तिनं खुळखुळा डाव्या हातात धरला आणि आईनं तो काढून उजव्यात दिला, तिथून जे सुरू झालं ते काही थांबलं नाही. जेवायला बसली की हातावर चापट. विळा घेतला तर त्याची धार उलट्या बाजूला. जात्यावर दुसऱ्या बाईसमोर बसली की खुंट्यावर दोघींच्या हातांची ओढाताण. बापानं एकदा तिचा डावा हात वर्षभर कमरेशी बांधून ठेवला होता, असं म्हणतात. तो सोडला तेव्हा उजवा होता तसाच अडाणी राहिला होता. पुढं सासरी एका पंगतीत तिनं चुकून डाव्या हातानं भाकरी वाढली. पाहुणे भरल्या ताटावरून उठले, आणि सासूनं तिला माहेरी आणून सोडलं ती कायमची.

माहेरी तोवर धाकटा भाऊच काय तो उरला होता, म्हसू. तो विहिरी खोदायचा. हौसा त्याला रांधून घालायची आणि बाकीचा वेळ घायपाताच्या पानांतून काढलेला वाख मांडीवर घेऊन दोर वळायची. पण तिथंही हात आडवा आला. सगळी आळी उजव्या तळव्यानं वळायची, ही डाव्या. तिच्या दोराचा पीळ उलटा पडायचा. असला दोर बांधला तर बैल दावणीतच मरतो, असं गावानं ठरवून टाकलं होतं. पोळ्याला घरोघर नवे कासरे जायचे, हौसाचा एकही जायचा नाही. आपल्या हातचं काहीतरी कुणीतरी एकदा घ्यावं, एवढंच तिला वाटायचं, आणि ते वाटणं काही केल्या जात नव्हतं. शेवटी तिनं एकच दोर धरला आणि त्यालाच वाख जोडत राहिली. तो गावाला वेढा घालून उरला असता, असं म्हणतात.

"हौसे, कुणाला बांधणार गं एवढ्या दोरानं?" बायका विचारायच्या.

"बघू की," ती म्हणायची आणि वळत राहायची.

मग दुष्काळ पडला. ओढे आटले, गुरं माना टाकू लागली. पाटलांनी गावाच्या मध्यावर विहीर खोदायला घेतली. खडक फोडत ती इतकी खोल गेली की भर दुपारी तळाशी अंधार असायचा. माणसांना टोपलीत बसवून दोरानं खाली सोडत. त्या खोलीवर एक नवीच पीडा सुरू झाली. वजन पडलं की दोराचा पीळ उलगडायचा आणि टोपली गरगर फिरत भिंतीवर आपटायची. दोन दोर एकत्र बांधून पाहिले, तर दोन्ही एकाच अंगाला फिरले.

एके सकाळी म्हसू एकटाच खाली होता आणि विहिरीची एक बाजू ढासळली. त्याचा पाय दगडाखाली सापडला. त्याचं कण्हणं वर ऐकू येत होतं. एक गडी टोपलीत बसून उतरायला निघाला, टोपली फिरली, भिंतीला धडकली आणि आणखी दगड खाली गेले. त्याला घाईघाईनं वर ओढून घेतलं. आता पुन्हा टोपली आपटली तर म्हसू गाडला जाईल, हे सगळ्यांना कळलं, आणि कुणी पुढं होईना.

तेवढ्यात हौसा आपला दोर ओढत आली.

"तुमच्या दोराशेजारी ह्यो माझा बांधा," ती पाटलांना म्हणाली. "तुमचा एकीकडं फिरंल, माझा दुसरीकडं. टोपली जागची फिरायची न्हाई."

"त्याला आम्ही बैल बांधत न्हाई, हौसे," पाटील म्हणाले. "त्यावर माणूस कसा सोडायचा?"

"माणूस नका सोडू. मला सोडा."

गडी दोराला लागले. हौसाचा दोर गावाच्या हातात गेला तो असा. टोपली खाली निघाली आणि शिंक्यातल्या मडक्यासारखी सरळ गेली, कुठं टेकलीसुद्धा नाही.

खाली तिनं दगड उपसले ते डाव्याच हातानं. चार गड्यांना हलला नसता असा धोंडा तिनं एका हातानं बाजूला सारला, असं म्हणतात, आणि तो सरताच खालून पाणी फुटलं. टोपलीत जागा एकाचीच होती.

"आक्का, आधी तू जा," म्हसू म्हणाला.

"दोर माझा हाय," ती म्हणाली. "मी सांगंन त्यानं बसायचं."

म्हसू वर आला. टोपली लगेच पुन्हा सोडली, पण ती तळाला पोचायच्या आत उरलेली बाजूही खचली. मोठा आवाज झाला, आणि नंतर कसलाच आवाज आला नाही.

हौसा वर आली नाही. पाणी आलं. चढत चढत ते काठाला लागलं आणि त्यानंतर कुठल्याच उन्हाळ्यात तळाला गेलं नाही, असं म्हणतात. गाव तहानेनं व्याकूळ होतं, तरी त्या पाण्याला हात लावायचा कुणाला धीर होईना. तेव्हा म्हसू मोडक्या पायानं काठाशी सरकला. त्यानं डाव्या हाताच्या पशात पाणी घेतलं आणि पाटलांपुढं धरलं.

"आक्कानं दिलंय," तो म्हणाला. "घ्या."

पाटलांनी दोन्ही हात पुढं करून ते घेतलं, आणि तिथंच बसून ते हमसून हमसून रडले.

कातळवेढ्यात आजही विहिरीत उतरायचं असेल तर एक उजव्या पिळाचा आणि एक डाव्या पिळाचा, असे दोन दोर लागतात. पोळ्याच्या सकाळी बैलांच्या आधी ही विहीर पुजतात, आणि तिचं पाणी त्या दिवशी डाव्या हातानंच देतात. कधी एखाद्या घरी मूल डाव्या हातानं जेवत असतं आणि परगावचा पाहुणा त्याला हटकतो. तेव्हा घरातलं कुणीतरी पाण्याचा तांब्या उचलून मुलाच्या डाव्या बाजूला ठेवतं आणि पाहुण्याला म्हणतं, "असू द्या. तुम्ही आत्ता प्यालात ना, ते त्याच हातचं पाणी हाय."