कावळीची आरण

भोरडेवाडीत ठकूबाईची आरण दिवसाढवळ्या उकरली गेली, आणि उकरणाऱ्याचं नाव आजवर कुणी घेतलेलं नाही. पंच होते, चावडी होती, छडा लावायला माणसंही होती. कुणी जागचं हललं नाही, एवढंच.

गावाच्या वरच्या अंगाला, उंबराच्या सावलीत, गवताचा कमरेएवढा ढीग दिसतो. ती ही आरण. बटाटा टिकवायची पठारावरची ही जुनी रीत आहे: उथळ खड्डा, त्यात बटाट्यांची रास, वर गवताचं जाड पांघरूण. अशा आरणी घरोघरी असतात. पण या एकीपाशी आलं की बायका पदर सावरतात, आणि पाहुण्यांना ती दाखवताना सत्तरी ओलांडलेले कोंडिबा गावडे आवाज खाली आणतात.

कोंडिबा सांगतात, ठकूबाई विधवा होती. पोरबाळ नव्हतं. दिराच्या घराला लागून तिची अर्ध्या बिघ्याची पट्टी होती. उन्हाळ्यात ती थंड हवेच्या ठिकाणी, साहेबांच्या बंगल्यावर भांडी घासायला जायची आणि येताना पदरात बटाट्याच्या साली बांधून आणायची. जिच्यावर कोंब फुटायचा डोळा आहे अशी जाडसर साल राखेत घोळवून लावली की रोप येतं, हे तिनं आपलं आपण शोधलं होतं. तिच्या पट्टीत बोटासारखे लांबुडके बटाटे निघत, कापल्यावर आत जांभळी कडी दिसणारे निघत, आणि एक निघे कोळशासारख्या काळ्या सालीचा. लोक त्याला कावळी म्हणत. तिची जाऊ गोजरा तर तोंडावर म्हणायची, "ठके, हा बाजारात मांडलास तर गिऱ्हाईक चप्पल सोडून पळंल."

बाकी पठारावर एकच पांढरा बटाटा होता. व्यापाऱ्याला तोच हवा, म्हणून सगळ्यांनी तोच लावला. साऱ्या गावाचं पोट एकाच वाणावर टांगून ठेवायचं धाडस माणसं कशाच्या जोरावर करतात, देव जाणे.

एका भादव्यात करपा आला. चार दिवसांत पठार काळं पडलं. जमिनीतला बटाटा सडला, त्याचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही. बाजरीनंही दगा दिला होता. ठकूबाईच्या पट्टीतले बाकीचे वाणही गेले. कावळी तेवढी उभी राहिली.

तिनं ती सगळी आरणीत घातली. लोक मागायला आले तेव्हा ती कुणालाही नाही म्हणाली नाही, पण दिलंही नाही. पेरणीला या, म्हणाली, घरटी वाटून देते. स्वतः ती त्या वर्षी कुरडू आणि काटेमाठाचा रानपाला उकडून जगली, असं सांगतात.

वैशाखात ती भावाच्या आजारपणाला माहेरी गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी परतली, तर आरण रिकामी. गवत चौफेर उधळलेलं.

ठकूबाई गावातून चालत गेली. प्रत्येक घरातून शिजल्याचा वास येत होता, आणि प्रत्येक दार तिला पाहून लोटलं जात होतं. मग ती घरांच्या मागं गेली. चोरी ओळखू येऊ नये म्हणून बटाटे सोलून शिजवले होते, आणि साली उकिरड्यावर. एकतीस घरं, एकतीस उकिरडे, आणि एकही असा नाही की जिथं काळी साल नाही.

तिनं एकेक साल वेचून पदरात घेतली. शेवटचा उकिरडा तिच्याच दिराचा. गोजरा मागल्या दारात उभी होती.

"लेकरं रडत होती गं," गोजरा म्हणाली.

"पुढल्या साली पण रडतील."

एवढंच बोलणं झालं म्हणे. ठकूबाई तशीच आरणीपाशी गेली. गोजरा तिच्या मागं गेली, का गेली ते तिलाही सांगता आलं नाही. ठकूबाई खड्ड्यात उतरली, साली पोटाशी धरून आडवी झाली. "सालींना ऊब लागती," ती म्हणाली. "गवत टाक वरून."

गोजरानं गवत टाकलं. संध्याकाळी बाहेर येईल, असं तिला वाटलं. आली नाही. दुसऱ्या दिवशी गोजरानं हाक मारली, तर ओ आली नाही, पण ढीग हलका वर आला आणि खाली बसला. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा. तिनं ते गावात सांगितलं. उघडून बघायची छाती एकाचीही झाली नाही. गुरं त्या वाटेनं जाईनात. रोज ढीग थोडा अधिक फुगे.

मृगाच्या तोंडावर, पंधराव्या दिवशी, सारं गाव जमलं आणि गोजरानं गवत काढलं. आत ठकूबाई नव्हती. हाड नाही, केस नाही, लुगड्याचा धागा नाही. काळे बटाटे होते, एकतीस. सगळ्यांना पांढरे लांब कोंब फुटलेले, आणि वारा नसताना सगळे कोंब गावाकडं वळलेले. हातात घेतले तर ताप आलेल्या अंगासारखे गरम.

घरटी एक नेला. त्या वर्षी पठारावर तेवढंच उगवलं.

आजही भोरडेवाडीत प्रत्येक घर कावळीची एक सरी लावतं. आपल्या सरीतला बटाटा आपण खायचा नाही. खावासा वाटला तर दुसऱ्याच्या दारात जाऊन मागायचा, आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. बियाणं मात्र सगळ्यांचं या एकाच आरणीत राहतं. मृगाआधी ती उघडताना प्रत्येक घरातल्या थोरल्या सुनेनं आधी रिकामा हात आत घालायचा, आणि थांबायचं.

परवा, आरण उघडायच्या दिवशी, शेतकी कॉलेजातली एक मुलगी आली होती. साठवलेला बटाटाही श्वास घेतो, म्हणून रास गरम होते, असं तिनं नीट समजावून सांगितलं. कोंडिबांनी मान डोलावली. त्यांची सून नुकताच हात बाहेर काढून मनगट चोळत होती.

"ऊब तर सगळ्याच आरणींना असती, ताई," ती म्हणाली. "ही हात धरती."