इनामदारांचा मूळपुरुष

साठीच्या विधुर इनामदार रंगरावांना गरीब हैबतरावांची तरुण लेक तुळजा बायको म्हणून हवी होती. नाही म्हणावं तर गावात राहणं कठीण. रुबाब वाढवायला इनामदारांनी भाटाकडून आपली वंशावळ शोधून घेतली. भाटाने आठवडाभर तूपपोळी खाऊन कसून संशोधन केलं आणि इनामदार थेट शूर सोनाजी रणधुऱ्यांचे वंशज निघाले.

मागणीच्या बैठकीत भाटाने वंशावळ वाचली. तुळजाने नम्रपणे विचारलं, “याची खातरजमा केलीत ना?”

“शंका घेणाऱ्याची जीभ छाटीन,” इनामदार गुरगुरले.

“मग शंका नाही. गेल्या साली याच भाटाने पसाभर ज्वारीत आमचेही मूळपुरुष सोनाजीच काढून दिले. म्हणजे आपलं कूळ एकच.” तुळजाने वाकून नमस्कार केला. “काका, आता माझ्यासाठी चांगलं स्थळ तुम्हीच बघा.”