साळुंकीचा शब्द आणि पोपटांचे पाठांतर

नदीने जिथे मोठे वळण घेतले होते तिथल्या रानात, बाळांनो, एक साळुंकी राहत असे आणि तिचा धंदा मोठा चमत्कारिक होता. ती काही पिकवत नसे, काही साठवतही नसे, ती फक्त दारोदार जाऊन विचारत असे, “तुमच्या घराला भीती कशाची?” त्या रानात एक रीत होती. सुगीच्या दिवसांत प्रत्येक जण आपल्या दाण्यांतला थोडा वाटा एखाद्या कोठारात ठेवी आणि ज्याचे घर संकटात जाई, त्याला तिथून हंगामभर पोटापुरते मिळे. कोठारे दोन होती. टेकडीवरच्या मुंग्या पुरात धान्य देत, पण वणव्यात नाही, कारण टेकडीवरचे गवत पेटले की त्यांनाच पळावे लागे. साळिंदर खडकातल्या बिळातून वणव्यात धान्य देई, पण पुरात नाही, कारण पाणी चढले की त्याच्या बिळाचे तोंडच बुडे. साळुंकी दोघांचीही नोकर नव्हती. ज्याचे घर जसे, तसे त्याला ती कोठार सुचवी आणि त्याबद्दल कोठारवाले तिला चार फळे देत. आमच्या पेठेत चपलांचा एक जुना दुकानदार होता. तो आधी गिऱ्हाइकाचा पाय बघायचा आणि मगच तोंड उघडायचा. साळुंकीचे तसेच होते, म्हणून तिच्या शब्दाला रानात किंमत होती.

एकदा साळिंदर तिला म्हणाले, “ताई, अशा एकट्या फिरून पंख झिजवणार किती? माझ्याकडे घरे आणा. मुंग्या देतात त्याच्या दुप्पट फळे देईन.” साळुंकीच्याही मनात धंदा वाढवायचे होतेच. तिने पोपटांचा एक थवा हाताशी धरला. पोपट दिसायला देखणे आणि बोलायला गोड. एकच अडचण होती. त्यांचे एकच भाषण पाठ होई. दुसरे शिकवले की पहिल्याची शेपटी दुसऱ्याला चिकटे. तेव्हा साळुंकीने एकच शिकवले, आणि अर्थातच दुप्पट फळे देणाऱ्या साळिंदराचे. पोपट रानभर पांगले. घरे भराभर वाढली, साळुंकीची ढोली फळांनी, दाण्यांनी गच्च भरली आणि तिचे स्वतःचे हिंडणे बंद झाले.

नदीकाठच्या सखल जागेत एक सशीण पिल्लांसह राहत होती. एक पोपट तिच्या दारी येऊन म्हणाला, “राम राम! घर जळाले तरी पोट उपाशी राहणार नाही, साळिंदरदादांचा शब्द आहे!”

सशीण म्हणाली, “राम राम, पोपटराव. पण मला आगीची नाही, पाण्याची धास्ती वाटते. बघा ना, नदी इथं दारातच आहे.”

पोपटाने मान वाकडी केली आणि म्हणाला, “राम राम! घर जळाले तरी पोट उपाशी राहणार नाही...”

सशीण हसली. “अहो, ते ऐकलं मी! बरं, साळुंकीताईंनीच पाठवलंय ना तुम्हाला? मग त्यांनी विचार केलाच असेल.” आणि तिने आपला वाटा त्याच्या हवाली केला.

भर श्रावणात नदी फुगली. काठ सोडून पाणी सशिणीच्या बिळात शिरले आणि साठवलेले सगळे घेऊन गेले. पाणी ओसरल्यावर चहूकडे नुसता चिखल उरला. गवताची काडी दिसेना. गारठलेली पिल्ले घेऊन ती साळिंदराकडे गेली. साळिंदर स्वतःच्या दारातला गाळ उपसत होते. ते म्हणाले, “बाई, मी वणव्याचा शब्द दिला होता. पुरात माझंच दार बुडतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?” तिथून ती टेकडीवर गेली. मुंग्यांच्या म्होरकीने तिची कहाणी पुरी ऐकून घेतली. “वाईट वाटतं गं,” ती म्हणाली, “पण तुझा वाटा आमच्याकडे आलाच नाही. तुला दिलं, तर ज्यांनी ठेवलाय त्यांना मी काय तोंड दाखवू?”

शेवटी सशीण साळुंकीच्या ढोलीखाली येऊन उभी राहिली. तिचे ऐकून साळुंकीने पोपटाला बोलावले आणि झापले. पोपट बिचारा कावराबावरा झाला. “ताई, तुम्ही शिकवलेला एक शब्दसुद्धा मी चुकलो नाही.”

“त्यांना कशाला बोलता?” सशीण हळूच म्हणाली. “मी त्यांच्याकडे बघून वाटा दिला नव्हता. तुमच्या नावाकडे बघून दिला होता.”

 साळुंकीने ढोलीतले सगळे, अगदी तळाचेही, खाली टाकले. पिल्ले खाऊ लागली. सर्वांत धाकटे मात्र खायला उठले नाही; वाटेतल्या गारठ्यानेच त्याचा जीव घेतला होता. सशिणीने त्याला चाटून पाहिले, पुन्हा चाटून पाहिले आणि त्याच्या अंगावर पाने सारली. 

ही गोष्ट रानभर झाली आणि घरे एकेक करून सुटली. साळुंकीने पोपटांना निरोप दिला आणि पुन्हा स्वतः दारोदार फिरू लागली. पुढे सोबतीला तिने टिटवीला घेतले. रान तिला हसले, “हिचा आवाज ऐकून गिऱ्हाईक घरात तरी थांबेल का?” टिटवीला भाषण येत नव्हते हे खरेच. पण ती जन्मभर नदीकाठी राहिली होती आणि कोणत्या दारापर्यंत पाणी चढते हे ती दारात उभे राहून सांगू शकत होती.

सुगी आली तेव्हा दोघी सशिणीच्या नव्या बिळाशी गेल्या. साळुंकी बोलू लागताच सशिणीने तिला थांबवले. “काय मिळेल ते मी मागेच ऐकलंय, ताई. काय मिळणार नाही, ते आधी सांगा.”

साळुंकी जमिनीवर बसली आणि सांगू लागली. कोणते कोठार केव्हा उघडत नाही, कशाला नाही म्हणते, तिने काही राखून ठेवले नाही. मध्येच टिटवी म्हणाली, “ही जागाही खालीच आहे, बाई. त्या बाभळीच्या वर जा.”  मग सशिणीने आत जाऊन आपला वाटा आणला आणि साळुंकीच्या पुढ्यातून नेऊन टिटवीच्या पायाशी ठेवला.

साळुंकीने मान खाली घातली आणि तो वाटा मुंग्यांकडे पोचवायला ती टिटवीच्या मागोमाग निघाली.

तात्पर्य : दुसऱ्याच्या संकटाची हमी घेणाऱ्याने गोड बोलणारे कितीही जोडावेत, पण समोरच्याला भीती कशाची हे विचारणे सोडले की त्याचा धंदा वाढतो आणि शब्द रिकामा होतो, आणि फळे पुन्हा मिळवता येतात, गेलेला विश्वास मात्र ज्याचा त्याला परत मिळेलच असे नाही.