तानूबाईंची नजर

एकदा एका वृद्ध चित्रकाराच्या शिष्याला मोठे पारितोषिक मिळाले. जिल्ह्याच्या गावातली ती छोटी चित्रशाळा. तिथल्या कुणाला राजधानीतल्या प्रदर्शनात जागा मिळेल, असे खुद्द गुरुजींनाही कधी वाटले नव्हते. चित्राचे नाव होते ‘आसनस्थ’. एक म्हातारी स्त्री स्टुलावर बसली आहे, हात मांडीवर, दृष्टी समोर. बस, एवढेच. परीक्षकांनी मात्र चित्राचा नुसता फोटो पाहून त्या दृष्टीवर पानभर लिहिले. तिच्यात वैराग्य आहे, देहापलीकडची शांती आहे, शून्याचा साक्षात्कार आहे, वगैरे. अशा प्रसंगी परीक्षकांना शब्दांची टंचाई कधी भासत नाही. शिष्याने ते पुन्हा पुन्हा वाचले आणि हे सारे आपल्याच कुंचल्यातून उतरले आहे, असे त्यालाही हळूहळू वाटू लागले.

चित्रातली स्त्री म्हणजे तानूबाई. वर्षानुवर्षे त्या चित्रशाळेत मॉडेल म्हणून बसत आल्या होत्या. विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या त्यांच्यावर हात बसवून बाहेर पडल्या. त्यांना कुणी वाईट वागवले नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचक लगेच खलनायक शोधू लागतात. सगळे त्यांना आदराने हाक मारत, वेळेवर चहा देत, दिवाळीला साडी देत. त्यांचे काम एकच. समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायचे आणि हलायचे नाही.

चित्र प्रदर्शनाला रवाना व्हायच्या आदल्या दिवशी तानूबाईंची लेक चित्रशाळेत आली. सुट्टीचे दिवस होते, त्यामुळे तानूबाई आठवड्यापूर्वीच गेल्या हे इथे कुणाला ठाऊक नव्हते. त्यांनी कावीळ अंगावर काढली होती. ऐकून गुरुजी जवळच्या बाकावर बसले.

“दहाव्याला फोटू ठेवायचाय,” लेक म्हणाली. “आईचा धड एक फोटू न्हाई घरात. आधारकार्डावर हाय, पर त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यावानी दिसती. मोबाइल समोर धरला की पदर तोंडावर घ्यायची. म्हणायची, दिवसभर लोकं बघत्यात, घरी तरी नगं बाई. आन् म्हणायची, माझी चित्रं साळंत ढीगभर हायेत. मेले की तिथनं एक घिऊन ये.”

शिष्याला फार वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर आतून थोडा अभिमानही वाटला. त्याने कोठीतून तानूबाईंची झाडून सारी चित्रे काढली. कोळशाची, जलरंगातली, तैलरंगातली. गुरुजींच्या खोलीत टांगलेले, त्यांना तरुणपणी नाव मिळवून देणारे चित्रही आणले. शेवटी पेटीत बंद केलेले ‘आसनस्थ’ बाहेर काढून भिंतीला टेकवले. दालनात पाय ठेवायला जागा उरली नाही.

लेक एकेका चित्रापुढे थांबत गेली. सुरुवातीला हसली. तिने आईची साडी ओळखली, नाकातली चमकी ओळखली. मग तिचे हसणे थांबले. ‘आसनस्थ’पाशी पोहोचली तेव्हा तिने हातातली पिशवी छातीशी घट्ट धरली होती.

“चित्रं लई भारी हायेत,” ती म्हणाली. “पर ह्यात आई न्हाई.”

शिष्य दुखावला. “अहो ताई, नीट बघा ना. हुबेहूब आहेत. ही हनुवटी बघा, हा तीळ बघा.”

“हनुवटी हाय, तीळ बी हाय. पर ही बाई मी कधी बघितली न्हाई. आमची आई एका जागी ठरायची न्हाई. तोंड तर अखंड चालू. भांडायची काय, हसायची काय, शेजारणीची नक्कल करायची. असं कुणाकडं बघायची न्हाई ती.” ती पुन्हा चित्राकडे वळली. “हिला झालंय काय?”

“ते वैराग्य आहे, ताई,” शिष्य म्हणाला.

लेकीने मान डोलावली. शिकलेल्या माणसाचा शब्द खाली पडू नये म्हणून आपण डोलावतो, तशी.

तेव्हा गुरुजींनी एक विचित्र गोष्ट केली. ते उठले, कोऱ्या कागदाची पाटी घेतली आणि शिष्याला म्हणाले, “स्टुलावर बस.”

“मी?”

“तूच. हात मांडीवर ठेव. खिळ्याकडे बघ आणि मी सांगेपर्यंत हलू नकोस. पोरी, तू चहा घे, थोडा वेळ थांब.”

दुःखाने गुरुजींचे भान हरपले, असे शिष्याला वाटले. इथे एका बाईची आई गेली आहे, सकाळी चित्र न्यायला टेम्पो यायचा आहे, आणि यांना रेखाटन सुचते आहे! पण गुरूला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. तो बसला. सुरुवातीला अगदी ताठ बसला. थोड्या वेळाने टाचेला मुंग्या आल्या. मग कंबर धरली. नाकावर माशी बसली, ती आपण होऊन उडाली. गुडघ्याखालचा पाय आहे की नाही हे कळेनासे झाले आणि पाठीत जाळ उठला. “जरा हलू?” त्याने विचारले. “नको,” गुरुजी म्हणाले. पुढे त्याने विचारणेही सोडले. खिळा समोर होता, पण तो त्याला दिसत नव्हता. हे कधी संपेल, एवढेच तो मनात म्हणत राहिला.

खिडकीतले ऊन सरकून दाराशी गेले तेव्हा गुरुजींनी कोळसा खाली ठेवला आणि पाटी फिरवली. शिष्याला एकदम उठता येईना. लेकीनेच त्याच्या दंडाला धरून त्याला उभे केले. मग त्याने पाहिले. कागदावर एक धडधाकट तरुण होता, आणि त्याच्या डोळ्यांत तीच नजर होती. पानभर स्तुती झालेली ती सगळी शांती तिथे जशीच्या तशी उतरली होती.

“तू विरक्त झाला होतास?” गुरुजींनी विचारले.

“नाही गुरुजी. पाय बधिर झाला होता.”

“तिचेही तेच झाले रे, वर्षानुवर्षे. आपण बधिर पायाला वैराग्य म्हणत आलो. आपला हात खोटा नव्हता. जे समोर होते, ते आपण बरोबर काढले. पण ते काय आहे, हे तिला कधी विचारले नाही, कारण ते चित्राला शोभत होते. माझ्या त्या चित्रातही हेच आहे, आणि माझे सारे नाव त्यावर उभे आहे. दुसऱ्याचा त्रास सुंदर दिसू लागला की आपण चौकशी करणे सोडून देतो.”

लेकीचा चहा तसाच निवून गेला होता.

“म्हंजी ही आईच हाय,” ती म्हणाली. “कामावरची. आम्ही पोरं तिला चिडवायचो, आईला नुसतं बसायचा पगार मिळतोय म्हणून. ती बी हसायची. हे तोंड साळंतच ठिवून घरी यायची व्हय ती?” आणि ती तिथेच, त्या सगळ्या चित्रांमध्ये, मोठ्याने रडली.

रडणे ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि ‘आसनस्थ’कडे बोट केले. “ह्येच द्या मला.”

शिष्य पटकन चित्रापुढे आला. “ताई, याखेरीज दुसरे कुठलेही घ्या. हे उद्या...”

“आन् एक करा, दादा,” ती म्हणाली. “तिचं डोळं तेवढं मिटून द्या.”

शिष्याने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी पाठमोरे उभे राहून हाताचा कोळसा धूत होते.

शिष्य त्या नजरेपुढे उभा राहिला. ती साधायला त्याचा अख्खा पावसाळा गेला होता. तिच्यावाचून त्या चित्रात प्रदर्शनात दाखवण्यासारखे काही नाही, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. अशी संधी या गावात पुन्हा येणार नाही, हेही त्याला कळत होते. मग त्याने पॅलेट घेतले आणि कातडीचा रंग कालवला. आधी डावा डोळा मिटला, मग उजवा. पापण्या त्याने जड काढल्या, कामावरून येऊन पडलेल्या माणसाच्या असतात तशा. दुसऱ्या पापणीची रेघ जरा वाकडी आली. त्याने ती तशीच राहू दिली.

“मिटल्या डोळ्यांचे चित्र पाहून दहाव्याला लोक विचारतील,” तो हळूच म्हणाला.

“इचारू देत,” लेक म्हणाली. “लई येळ बसली ती. आता निजू द्या तिला.”

रंग ओला होता. म्हणून ते चित्र तिने दोन्ही हातांनी अंगापासून दूर धरून नेले. शिष्य तिला रिक्षापर्यंत पोहोचवायला गेला. सकाळी टेम्पो आला आणि रिकामाच परत गेला.

कुणाच्या शांतपणाचे फार कौतुक वाटू लागले, तर आधी जवळ जाऊन एवढेच विचारावे, की बाई, तुमचा पाय तर दुखत नाही ना?