धुरपदेची धूळ

फार वर्षांपूर्वीची, दगडी पाटी आमच्या देवळोशी गावात पोचलीही नव्हती तेव्हाची ही गोष्ट. शाळा भरायची नदीकाठच्या देवळाच्या ओवरीत आणि मुलं अक्षरं गिरवायची ती धुळीवर. लाकडी फळीवर लाल धूळ पसरायची, काडीनं अक्षर काढायचं आणि हात फिरवला की फळी पुन्हा कोरी. तिला धूळपाटी म्हणत.

ही धूळ आणायची धुरपदा. कुंभारवाड्यात एकटीच राहायची. तिचं वय किती हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. फुटक्या मडक्यांचे तुकडे ती उखळात कुटायची, जुन्या लुगड्यातून गाळायची आणि दर सोमवारी टोपली डोक्यावर घेऊन शाळेत यायची. धूळ इतकी मऊ, की लहान पोरं लिहायचं सोडून तिच्यात नुसती बोटं फिरवत बसायची. धुरपदेला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. पण संध्याकाळी धूळ गोळा करताना ती प्रत्येक पाटीवर तळवा ठेवायची, आणि कोणतं पोर हसत घरी गेलं, कोणतं रडू दाबून गेलं, हे तिला कळायचं, असं म्हणतात. तुम्ही मानू नका हवं तर. मी मानतो.

पंतोजींचं नाव गुंडोपंत. माणूस वाईट नव्हता. लहानपणी भरपूर मार खाल्लेला, आणि त्या मारानंच आपण शहाणे झालो अशी पक्की समजूत. आधी छडी, मग चौकशी, हा त्यांचा रिवाज. छडी झाली की पंतोजी दमायचे आणि चौकशी राहूनच जायची.

त्या शाळेत हैबती नावाचा आठ वर्षांचा मुलगा होता. सगळ्यांच्या आधी यायचा, पाट्या मांडायचा, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. एके सकाळी पंतोजी नदीवरून स्नान करून आले तर ओवरीत धूर. त्यांची पोथी, त्यांच्या आजोबांनी हाताने लिहिलेली, एका कडेनं जळालेली. दिवा आडवा पडलेला. आणि पोथी छातीशी धरून उभा हैबती, हात काजळीनं काळे झालेले.

"हात पुढे कर!" पंतोजी ओरडले.

हैबतीनं हात पुढे केले. काही सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोवर पहिली छडी बसली होती. किती बसल्या ते कुणी मोजलं नाही. मग अंगठे धरून दुपारपर्यंत उभं केलं. घरी आईनं हात पाहिले आणि तिला ते सगळे छडीचेच वळ वाटले. "पंतोजींनी मारलं म्हंजी तू कायतरी केलंच असशील," ती म्हणाली आणि तिनं हळद लावली. तिच्यावर मी राग धरत नाही. तेव्हा सगळ्याच आया तसं म्हणत.

त्या दिवसापासून हैबतीची वाचा गेली.

तो शाळेत जायचा, पण पाटीवर काडी टेकवायचा नाही. घास तोंडात धरून बसायचा. भगत झाला, अंगारा झाला, लिंबू उतरून झालं. पोर वाळत चाललं आणि आईला दिवसाउजेडी अंधारी यायला लागली.

एका सोमवारी धुरपदेनं त्याच्या कोऱ्या पाटीवर तळवा ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला, असं म्हणतात. ती थेट आईकडे गेली.

"लेकराला बाधा न्हाई झाली, बये," ती म्हणाली. "त्याला कुणी इचारलंच न्हाई. थोडं दीस माझ्याकडं धाड."

हैबती कुंभारवाड्यात जाऊन बसू लागला. धुरपदा कुटायची, तो गाळायचा. वारा आला की अंगणभर तांबूस धुकं पसरायचं, त्यात म्हातारी दिसेनाशी व्हायची, आणि उखळाचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा यायचा. तिनं त्याला काही विचारलं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी तिनं अंगणातच धूळ पसरली.

"त्या दिशी काय झालं व्हतं, बाळा? मला वाचाय येत न्हाई. तू ल्ही, मी पुशीन. पायजे तितक्यांदा."

हैबती लिहू लागला. लिहिलं की ती पुसायची, पुसलं की तो पुन्हा लिहायचा. उन्हं कलेपर्यंत हेच चाललं. शेवटी तो थकला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा. धुरपदेनं ती धूळ टोपलीत भरली आणि विचारलं, "ही शाळंत न्हेऊ का?"

त्यानं मान हलवली. होय म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती धूळ तीस पाट्यांवर पसरली गेली. काडी कुणी उचललीही नव्हती, तोच धूळ आपोआप सरकली आणि तिसांच्या तीस पाट्यांवर तीच वेडीवाकडी अक्षरं उमटली. 'दिवा मांजरानं पाडला. मी पोथी ओढली. हातानं विझवली.' पंतोजींनी धोतराच्या सोग्यानं पुसलं. पुन्हा उमटलं. ते पुसत राहिले आणि ते उमटत राहिलं, असं म्हणतात.

पंतोजी उठले. अनवाणीच कुंभारवाड्यात गेले आणि हैबतीसमोर धुळीत बसले.

"हात दाखव," ते हळूच म्हणाले.

हैबतीनं डोळे गच्च मिटले आणि छडीसाठी करतात तसा हात पुढे केला. पंतोजींनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. छडीचे वळ कधीच गेले होते. तळव्याच्या मधोमध भाजल्याचा डाग होता, रुपयाएवढा. त्या दिवशी त्यांना काजळी दिसली होती, काजळीखालचा फोड दिसला नव्हता. त्या फोडावरच त्यांनी छडी मारली होती. पंतोजी लहान मुलासारखे रडले.

"माझं चुकलं, हैबती. मी विचारायला हवं होतं."

हैबतीनं डोळे उघडले. इतक्या दिवसांनी तो पहिलं बोलला ते असं:

"शेवटचं पान जळालं, पंतोजी. तेवढं न्हाई वाचवता आलं."

छडी त्याच दिवशी कुंभारवाड्याच्या भट्टीत गेली. पुढे एका चैत्रात मोठा वारा सुटला, धुरपदा टोपली घेऊन नदीकडे गेली आणि परत आली नाही. वाळूत तिची पावलं होती, ती मध्येच थांबली होती. आजही चैत्रात लाल वावटळ उठली की बाया म्हणतात, धुरपदा धूळ गाळतेय.

आता आमची शाळा पक्की आहे, बाकं आहेत, पंखे आहेत. पण दारापाशी एक धूळपाटी अजून आहे. शाळा उघडते त्या दिवशी कुंभारवाड्यातून तिची धूळ वाजतगाजत येते. ज्याच्या मनात काही सलतंय त्यानं तिच्यावर लिहावं आणि पुसावं, दुसऱ्यानं वाचू नये. कुणी फारच दिवस लिहीत राहिलं, तर बाई किंवा गुरुजी नुसते शेजारी जाऊन बसतात. आणि कुणाचा काही अपराध झाला, तर आधी त्याचा तळवा हातात घेऊन विचारायचं असतं, "काय झालं होतं?" नवीन गुरुजी आले की त्यांना हे आधी शिकवावं लागतं. ते जरा हसतात, मग शिकतात.

आमच्या गावात 'हात दाखव' म्हटलं, की मुलं डोळे मिटत नाहीत.