जळकी काडी

फार पूर्वी सागाच्या एका रानात प्राण्यांनी मिळून मोठं कोठार बांधलं होतं. सुगीला प्रत्येकाने त्यात दाणे टाकायचे आणि ज्याच्यावर संकट कोसळेल त्याला कोठाराने सावरायचं, असं ठरलं होतं. नुकसानीची पाहणी करायचं काम तुरतुरी खारीकडे होतं.

एकदा वणव्यात लावी पक्षिणीचं घरटं जळून गेलं. पिलांना घेऊन ती उघड्यावर बसली होती. तुरतुरी नेहमीप्रमाणे म्हणाली, "घरट्याची एखादी जळकी काडी दाखव."

"अगं, राखसुद्धा वाऱ्याने नेली," लावी म्हणाली.

काडी नाही तर दाणे नाहीत, असा कोठाराचा नियम होता. तो सांगून तुरतुरीने आजवर कितीतरी जणांना परत पाठवलं होतं. नोकरी जाईल या भीतीने ती कधी बोलली नव्हती. पण आज पिलांकडे बघून तिला नियम सांगवेना. ती तडक कोठाराच्या कारभाऱ्याकडे, थोरल्या गव्याकडे गेली.

"काडी आणलीस?" गव्याने विचारलं.

"नाही, कारभारी. काडी उरली असती तर थोडं घरटंही उरलं असतं. ज्याचं सगळंच गेलं, त्याने दाखवायचं काय?"

गवा म्हणाला, "नियम मीच केला, पण हे मला कुणी सांगितलंच नाही. लावीला दाणे पोचव. आणि आधी परत पाठवलेले आठवतात का तुला?"

"एकूण एक आठवतात!" तुरतुरी म्हणाली, आणि शेपटी उंचावून पळतच सुटली.